नियम नव्या घराला, धक्का जुन्या घराला

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी हमखास येते. गाव बदलते, नाव बदलते, घटना तीच असते. पत्र्याच्या घराबाहेर लोखंडी तारेवर ओले कपडे वाळत घालताना बाईला विजेचा धक्का बसला, तिला सोडवायला धावलेला नवरा किंवा मुलगाही चिकटला, आणि दोघेही गेले. चार ओळींची बातमी, खाली ‘आकस्मिक मृत्यूची नोंद’. देशभरात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा गेली काही वर्षे बारा-तेरा हजारांच्या घरात आहे. शेतातल्या मोटरी आणि खांबांवरची कामे वगळली तरी त्यात घरातल्या आणि घराभोवतीच्या मृत्यूंचा वाटा मोठा आहे. आणि त्यातले बरेचसे टाळता येण्यासारखे आहेत.

याच काळात घरातल्या विजेचे नियम मात्र सुधारत गेले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2010 मध्ये सुरक्षिततेचे विनियम आणले आणि 2023 मध्ये त्यांची नवी आवृत्ती काढली. भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय विद्युत संहिता 1985 मध्ये पहिल्यांदा आली, 2011 मध्ये बदलली आणि 2023 मध्ये पुन्हा नवी झाली. वायरिंगचे मानक, आयएस 732, 2019 मध्ये अद्ययावत झाले. मग या नियमांनी माणसे खरोखर वाचतात का? बिल्डर विचारतो, खर्च वाढवणारी ही आणखी एक अट कशाला? अभियंता म्हणतो, एक जीव वाचला तरी पुरे. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. नियमाने जीव वाचतो की नाही हे तो नियम कोणत्या घरापर्यंत पोहोचतो यावर ठरते, आणि आपले नियम चुकीच्या घरापाशी थांबले आहेत.

आधी नियमांतली जी गोष्ट निर्विवाद उपयोगाची आहे ती समजून घेऊ. घराच्या डीबीत, म्हणजे विजेच्या मुख्य पेटीत, दोन प्रकारची उपकरणे असतात. एमसीबी सगळ्यांना माहीत असतो; पूर्वीच्या पोर्सेलीनच्या कटआऊटमधल्या फ्यूज तारेची जागा त्याने घेतली. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असते. सोळा अँपियरचा एमसीबी सोळा अँपियरच्या पलीकडे प्रवाह गेला की पडतो. माणसाला मारायला त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी प्रवाह पुरतो. दहा मिलीअँपियरच्या आसपास हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. ‘विजेने धरून ठेवले’ असे लोक म्हणतात, ते हेच. तीसच्या पुढचा प्रवाह छातीतून काही क्षण वाहत राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. ओल्या अंगाने 230 व्होल्टला हात लागला तर शरीरातून दोनशेच्या वर मिलीअँपियर जाऊ शकतात. घरातला पंखाही साधारण तेवढाच प्रवाह घेतो. पंखा चालवणारा प्रवाह थांबवायचे एमसीबीला काहीच कारण नसते.

आरसीसीबी, जुन्या बोलीत ईएलसीबी, फक्त एवढेच तपासतो: फेजमधून जितका प्रवाह गेला तितका न्यूट्रलमधून परत आला का? तीस मिलीअँपियरचा फरक पडला तर तो कुठून तरी जमिनीत चालला आहे, कदाचित माणसातून, असे समजून तो पुरवठा तोडतो. मोठी गळती असेल तर सेकंदाच्या शतांश भागांत. धक्का जाणवतो, पण तो मरणाचा धक्का राहत नाही. 1950च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींसाठी हेन्री रुबिन यांनी या दिशेने काम केले. अमेरिकेत बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून माणूस किती प्रवाहापर्यंत हात सोडू शकतो ते मोजले, आणि 1960च्या दशकाच्या सुरुवातीला पाच मिलीअँपियरच्या आसपास पडणारे उपकरण तयार केले. आज आपण ज्याला सुरक्षा म्हणतो त्याचा पाया हा आहे.

आपल्याकडे या उपकरणाची गरज अमेरिकेपेक्षाही जास्त आहे, आणि त्याचे कारण आपल्या अर्थिंगमध्ये आहे. बहुतेक ठिकाणी वीज कंपनी फेज आणि न्यूट्रल देते. अर्थिंगचा खड्डा ज्याचा त्याने करायचा. मीठ-कोळसा घालून जीआय पाइप पुरला जातो, पहिले दोन पावसाळे बरे जातात, मग खड्डा वाळतो. दख्खनच्या काळ्या खडकात तर तो मुळात चांगला होतच नाही. समजा त्या अर्थिंगचा रोध वीस ओहम झाला आणि गिझरच्या आतल्या कॉइलचे आवरण फुटून फेज टाकीला लागली. 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपियर जमिनीत वाहतील. सोळा अँपियरचा एमसीबी शांत राहील. मीटर पळेल, बिल वाढेल, टाकीत आणि नळात करंट राहील. अर्थिंग असूनही माणूस मरतो तो असा. आरसीसीबी असता तर पहिल्याच क्षणी पडला असता. त्यामुळे नियमात हे उपकरण सक्तीचे केले हे योग्यच झाले.

अमेरिकेत हे आधी झाले, आणि त्यांचा अनुभव बोलका आहे. तिथली राष्ट्रीय विद्युत संहिता दर तीन वर्षांनी बदलते. 1968 मध्ये पोहण्याच्या तलावांतल्या दिव्यांपासून सुरुवात झाली, 1970च्या दशकात घराबाहेरचे सॉकेट, बाथरूम आणि गॅरेज आले, 1987 मध्ये स्वयंपाकघर आले. पुढच्या दशकांत वीजवापर आणि घरे खूप वाढली, तरी घरातल्या विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू निम्म्याहून खाली आले. त्यात दुहेरी इन्सुलेशनच्या उपकरणांचाही वाटा आहे, हे खरे. पण एक उदाहरण असे आहे की ज्यात शंकेला जागा उरत नाही, आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते.

ते हेअर ड्रायरचे. बाथटबमध्ये ड्रायर पडून अमेरिकेत 1980च्या दशकात दरवर्षी डझनाहून अधिक माणसे मरत, त्यात लहान मुले बरीच. घराच्या वायरिंगचा नियम बदलून हे थांबले नसते, कारण जुनी बाथरूम जुनीच राहणार होती. 1991 पासून ड्रायरच्या प्लगमध्येच पाण्यात पडताच पुरवठा तोडणारी सोय बसवणे उत्पादन मानकाने बंधनकारक केले. ड्रायर काही वर्षांत बदलतात. घर पन्नास वर्षे टिकते. मृत्यू जवळजवळ शून्यावर आले. नियम वस्तूच्या पाठीवर बसून जुन्या घरात शिरला.

याच्या उलट टोकाला आर्क पकडणाऱ्या ब्रेकरची गोष्ट आहे. सैल जोड, उंदराने कुरतडलेली वायर किंवा खिळा घुसलेले केबल यांतून ठिणग्या पडतात आणि आग लागते. ही ठिणगी ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण अमेरिकेने 1999 च्या संहितेत घातले. 2002 पासून नव्या घरांच्या शयनकक्षांत ते सक्तीचे झाले आणि नंतर जवळपास सगळ्या खोल्यांत आले. बिल्डरांच्या संघटनेने विरोध केला, काही राज्यांनी हे कलम गाळले. त्यांचे म्हणणे होते की विजेच्या आगी मुख्यतः जुन्या घरांत लागतात, मग खर्च नव्या घरावर का? ही तक्रार स्वार्थापोटी केलेली असली तरी तिच्यात तथ्य आहे. नवे घर तसेही क्वचितच पेटते, त्यामुळे त्या ब्रेकरने किती आगी वाचवल्या हे आकड्यांत दिसायला कितीतरी दशके लागतील. उपकरण वाईट नाही. ज्या वायरिंगला त्याची खरी गरज आहे तिथे ते बसतच नाही.

घाईने वाढवलेला नियम काय करतो तेही तिथे दिसले. 2020 च्या संहितेने घराबाहेरच्या एसी युनिटलाही गळती-संरक्षण लावले. त्यामागे खऱ्या मृत्यूंचे दुःख होते. पण नव्या इन्व्हर्टर एसींमध्ये थोडी गळती मुळातच असते, त्यामुळे भर उन्हाळ्यात ब्रेकर पडू लागले. काही राज्यांनी अंमलबजावणी थांबवली, आणि शेवटी संहितेलाच 2026 पर्यंत सवलत द्यावी लागली. उपकरणाचे मानक आणि घराचे मानक एकमेकांशी बोलले नाहीत की भोगायला घरमालक असतो.

आपल्याकडे याचे रूप कुठल्याही वायरमनला विचारावे. नव्या फ्लॅटमध्ये आरसीसीबी असतोच, कारण त्याशिवाय काम पुढे सरकत नाही. माणसे राहायला येतात, कोणीतरी इन्व्हर्टर बसवते. इन्व्हर्टरवाला काही पॉइंटची फेज वेगळी काढतो, न्यूट्रल मात्र सगळ्यांचा एकच ठेवतो. आता आरसीसीबीचा हिशोब जुळत नाही आणि तो पडत राहतो. पडला की संपूर्ण घर अंधारात जाते, कारण बहुतेक घरांना एकच आरसीसीबी असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी घरातलेच म्हणतात, हे काढून टाका. वायरमन दोन वायरी जोडून ‘डायरेक्ट’ करतो. डीबीत उपकरण दिसते, कागदावर नियम पाळलेला आहे, आणि त्या घरात संरक्षण उरलेले नाही.

यात वायरमनचा दोष थोडा आहे. दोष मुख्यतः घराला एकच आरसीसीबी पुरे मानण्याच्या पद्धतीचा आहे. गिझर, वॉशिंग मशीन, स्वयंपाकघर आणि बाहेरचे सॉकेट यांना वेगवेगळे संरक्षण दिले, तर पडला तरी एक भाग बंद होतो, दोष कुठे आहे ते लगेच कळते, आणि तो ‘डायरेक्ट’ करण्याचा मोह होत नाही. आणखी एक बाब आहे. जुन्या ‘एसी’ प्रकारच्या आरसीसीबीला आजच्या इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन आणि चार्जरमधली खंडित लहरींची गळती नीट ओळखता येत नाही; त्यासाठी ‘ए’ प्रकार लागतो. दुकानात मागताना हा फरक विचारणारे ग्राहक थोडे आणि सांगणारे दुकानदार त्याहून थोडे.

आता ज्या घरांपाशी नियम थांबतो त्यांच्याकडे येऊ. विनियमांत गळती-संरक्षण सक्तीचे आहे, घरगुती जोडणीसाठी मर्यादा तीस मिलीअँपियरची आहे. पण त्यात एक सूट आहे. पूर्वी ती 5 किलोवॅटखालच्या जोडण्यांना होती, नंतर खाली आणून 2 किलोवॅटवर ठेवली. कमी भाराच्या गरीब ग्राहकावर खर्च नको, असा विचार त्यामागे असावा. दिसायला तो सहृदय आहे. पण आपल्या वीजबिलावर ‘मंजूर भार’ नावाचा आकडा असतो, तो पाहा आणि शेजारच्या वस्तीतल्या एखाद्या बिलावरचाही पाहा. एका खोलीच्या घराचा मंजूर भार अर्धा किंवा एक किलोवॅट असतो. पत्र्याची भिंत, ओल्या फरशीची न्हाणी, बादलीत टाकलेला हीटर रॉड, तीन पिनांपैकी एक मोडलेला प्लग, चिकटपट्टी मारलेले जोड आणि बाहेर कपडे वाळवायची लोखंडी तार, हे सगळे त्याच घरात असते. सूट त्यालाच. माझ्या मते हे सगळ्या विनियमांतले सर्वांत चुकीचे वाक्य आहे.

2017 मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेने लाखो घरांत पहिल्यांदा वीज नेली, आणि ते मोठे काम होते. गरीब घराला मीटर, एका पॉइंटचे वायरिंग आणि एलईडी दिवा मिळाला. दिवा लागल्यावर घर तिथे थांबत नाही. मिक्सर येतो, जुना फ्रिज येतो, थंडीत रॉड येतो. एका पॉइंटवरून तीन बोर्ड निघतात, वायर जी मिळेल ती. एकटा हीटर रॉडच एक-दीड किलोवॅट खेचतो, म्हणजे मंजूर भार पहिल्याच सकाळी ओलांडला जातो. कागदावर मात्र ते घर 2 किलोवॅटखालचेच राहते.

या घरातली सगळीच मरणे आरसीसीबीने टळतील असे मी म्हणत नाही. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरले तर उपकरणाला तो पंखाच वाटतो. खांबापासून घरापर्यंत येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेवर घासून सोलली आणि पत्र्यात करंट उतरला, तर घराच्या आतला आरसीसीबी काही करू शकत नाही, कारण दोष त्याच्या आधीच्या तारेत आहे. कपड्यांच्या तारेच्या कित्येक बातम्यांमागे हेच असते. म्हणून या तारेसाठीचे संरक्षण खांबावरच्या पेटीत बसायला हवे, आणि सर्व्हिस वायर पत्र्यावर टेकू न देण्याची जबाबदारी पुरवठा करणाऱ्याकडे असायला हवी. हा खर्च ग्राहकाच्या डोक्यावर टाकून चालणार नाही.

जुन्या घरांचा प्रश्न वेगळा आहे, पण उत्तर अवघड नाही, कारण इतरांनी ते शोधलेले आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात नव्या घरांची सक्ती 1990च्या दशकात झाली. पुढे 2002 च्या विद्युत सुरक्षा कायद्यानंतर जुने घर विकत घेणाऱ्यालाही मुदतीत हे उपकरण बसवणे भाग पडले, आणि भाड्याच्या घरमालकालाही. फ्रान्समध्ये पंधरा वर्षांहून जुन्या वायरिंगचा तपासणी अहवाल घर विकताना द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये 2020 च्या नियमांनुसार भाड्याच्या घराची विजेची तपासणी दर पाच वर्षांनी करावी लागते आणि तिची प्रत भाडेकरूच्या हातात द्यावी लागते. घर हात बदलते तेव्हा, भाडेकरू बदलतो तेव्हा, जुन्या भिंतीत शिरायला एक दार उघडते. पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांचे करार सतत नोंदले जातात. पोलिस पडताळणीची चौकशी होते, गॅस आणि पाण्याची होते. अर्थिंग आहे का, हे त्या करारात कोणी विचारत नाही.

आपल्या 2010 च्या विनियमांतच मुळात लिहिले होते की जोडणी झालेल्या प्रत्येक विद्युत मांडणीची तपासणी पाच वर्षांच्या आत विद्युत निरीक्षकाने किंवा पुरवठादाराने करावी. नंतर लहान मांडण्यांसाठी स्वयंप्रमाणनाचा मार्ग आला. वाचकांनी आठवून पाहावे: आपल्या घराचे वायरिंग तपासायला कधी कोणी आले होते? नवी जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यावर सही-शिक्का असतो, इन्सुलेशनचा आकडाही असतो. तो आकडा यंत्र लावून मोजलेला असावा ही किमान अपेक्षा आहे, आणि ती अनेकदा पुरी होत नाही.

शिवाय शिकण्याची वाटही आपण बंद केली आहे. विद्युत कायदा 2003 च्या कलम 161 मध्ये अपघाताची सूचना आणि चौकशी यांची तरतूद आहे. प्रत्यक्षात घरातली आग पंचनाम्यात ‘शॉर्ट सर्किट’ या दोन शब्दांवर संपते. वायर कमी जाडीची होती, जोड सैल होता, एमसीबी मोठा बसवला होता, की चार्जर निकृष्ट होता? हे लिहिले जात नाही, म्हणून कोणत्या नियमाने काय साधले हे कळायला मार्ग राहत नाही. अमेरिकेत हेअर ड्रायरचे मृत्यू मोजले गेले, म्हणून ते थांबवता आले. आपल्याकडे हीटर रॉडने किती माणसे गेली ते वेगळे मोजले तर त्या रॉडच्या प्लगमध्येच संरक्षण का असू नये हा प्रश्न कोणाला तरी टाळता येणार नाही. हीटर रॉड आणि इस्त्री 2003 च्या गुणवत्ता आदेशात आयएसआय चिन्हाच्या सक्तीखाली आहेत, तरी बाजारात बिनचिन्हाचे रॉड टांगलेले दिसतात.

एक संधी आत्ता समोर आहे. 2021 च्या केंद्राच्या वितरण सुधारणा योजनेत देशभर पंचवीस कोटी स्मार्ट मीटर बसवायचे ठरले आहे. महाराष्ट्रातही मीटर बदलले जात आहेत. त्या मीटरबद्दलचे वाद वेगळे, त्यात मी इथे पडत नाही. पण प्रत्येक घराच्या दारात वायरमन उभा राहणार, पेटी उघडणार, जुन्या तारा सोडवणार आणि नव्या जोडणार, असा प्रसंग पुढची कित्येक वर्षे पुन्हा येणार नाही. त्याच पेटीत, त्याच हाताने, तीस मिलीअँपियरचा आरसीसीबी बसला तर मजुरी जवळपास फुकट पडते आणि उपकरणाची किंमत घाऊक खरेदीत निम्म्यावर येऊ शकते. मंजूर भार काहीही असो. 2 किलोवॅटची सूट काढून टाकायची असेल तर त्याचा खर्च कोणी करायचा याचे उत्तर हेच आहे: मीटरच्या खर्चात तो धरा. युनिटचा हिशोब ठेवण्यासाठी जेवढी तत्परता दाखवली जाते तेवढी माणसाचा हिशोब ठेवण्यासाठीही दाखवावी, अशी मागणी लोकप्रतिनिधींकडे आणि वीज नियामक आयोगाच्या जनसुनावणीत व्हायला हवी. जनसुनावणीत दरवाढीवर बोलायला माणसे येतात. या विषयावरही यावे.

कायदा बदलेपर्यंत दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. आपल्या डीबीतल्या आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले छोटे बटण असते. दिवाळीच्या माळा आणि कंदील लावण्याआधी ते दाबा. तो पडला नाही, तर तो बिघडला आहे किंवा ‘डायरेक्ट’ केलेला आहे. परवानाधारक वायरमनला बोलवा. आणि आपल्याकडे काम करणाऱ्या ताईंच्या, वॉचमनच्या, ड्रायव्हरच्या घरात हे उपकरण आहे का ते विचारा. नसेल तर या दिवाळीला बोनसच्या पाकिटाबरोबर त्यांच्या घरी एक आरसीसीबी बसवून द्या. उपकरण आणि मजुरी मिळून साधारण दोन-अडीच हजार रुपये लागतात.